मॉस्कोच्या तीन फेऱ्या : फिनलंड, १९३९

(हेलसिंकी रेल्वे स्टेशन, मुख्य दार)

हे चार दगडी पुरुष बघा, दाराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, प्रत्येकाच्या हातात एक गोल दिवा. १९३९ मध्येही ते इथेच उभे होते. त्या वर्षी ९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी याच स्टेशनात एवढी माणसं जमली की प्लॅटफॉर्म दिसेना, आणि ६८ वर्षांचा एक गृहस्थ मॉस्कोच्या गाडीत चढायला लागला तशी ती सगळी गर्दी गायला लागली, चर्चमधलं स्तोत्र, मग देशाचं गीत. ते गृहस्थ म्हणजे युहो कुस्ती पासिकिवी. स्टॉकहोममधले फिनलंडचे राजदूत, रशियन भाषा येणारे, १९२० चा रशियाशी झालेला तार्तूचा तह ज्यांनी वाटाघाटी करून घडवला तेच.

चारच दिवस आधी सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्हचा निरोप आला होता, "काही ठोस राजकीय प्रश्नांवर" बोलायचंय, माणूस पाठवा. आता यात धमकी कुठंय? पण फिनलंडला सगळं समजत होतं, कारण २८ सप्टेंबरला एस्टोनियाने सही केली होती, ५ ऑक्टोबरला लाटव्हियाने, आणि पासिकिवी वाटेत होते तेव्हा १० तारखेला लिथुआनियाने, तिघांनीही आपल्या जमिनीवर सोव्हिएत सैन्याला तळ दिले. २३ ऑगस्टला हिटलर आणि स्टालिनच्या करारात जे गुप्त कलम लिहिलं गेलं त्यात फिनलंड रशियाच्या वाट्याला टाकलेला होता, हे मात्र फिनलंडला कुणी सांगितलेलं नव्हतं.

(नकाशा, कॅमेरा हळूहळू जवळ)

१२ ऑक्टोबर, क्रेमलिन. समोर मोलोटोव्ह, आणि बाजूला स्टालिन स्वतः. सदतीस लाख लोकांच्या देशाशी बोलायला स्टालिन स्वतः बसतो, यातच काय ते आलं. त्याचं म्हणणं साधं होतं, सीमा लेनिनग्राडपासून, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गपासून, जेमतेम ३२ किलोमीटरवर आहे, शहर काही हलवता येत नाही, मग सीमा हलवा. हवं काय होतं तर कारेलियाच्या चिंचोळ्या पट्टीतली जमीन, फिनलंडच्या आखातातली बेटं, आणि हांको बंदर ३० वर्षांच्या भाड्यानं. फिनलंडने द्यायची २,७६१ चौरस किलोमीटर, बदल्यात मिळणार ५,५२९, म्हणजे दुप्पट! कागदावर सौदा फायद्याचाच दिसतो ना? पण जी द्यायची तिच्यावर तटबंदी होती, त्याच उन्हाळ्यात हजारो लोकांनी सुट्ट्या सोडून स्वतः कुदळ-फावडी घेऊन खणलेली, आणि जी मिळणार ती दूर उत्तरेकडची जंगलं. घराची कडी-कोयंडा देऊन परसातली जागा घ्यायची.

(हांको, समुद्रकिनारा, लाकडी घरं)

हे हांको. हवापालटाला यायचं गाव, फिकट रंगाची लाकडी घरं, वाळू, बोटी. इथे पाच हजार परके सैनिक आणि तोफा आणून ठेवायच्या होत्या.

तीन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीपासून अर्थमंत्री व्हाइनो टानरही सोबत गेले. फिनलंड अगदीच अडून बसला नव्हता हे मुद्दाम सांगतो, सीमा थोडी मागे घ्यायची, काही बेटं द्यायची तयारी होती, पण परक्या सैन्याला मुख्य भूमीवर पाय ठेवू द्यायचा नाही. तिसऱ्या फेरीचे लोक निघाले त्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, मोलोटोव्हने सगळ्या मागण्या भाषणात जगजाहीर केल्या, आता माघार कुणालाच नाही. ३ नोव्हेंबरला तो म्हणाला, आम्ही नागरिकांनी करायचं ते झालं, आता सैनिक बघतील. दुसऱ्या दिवशी स्टालिनने नकाशावर हांकोजवळच्या तीन छोट्या बेटांभोवती वर्तुळं काढली आणि विचारलं, ही तरी तुम्हाला लागतात का?

(स्वातंत्र्याच्या मान्यतेचा दस्तऐवज, सह्या)

ही सही बघा, थांबून बघा. ३१ डिसेंबर १९१७, फिनलंडच्या स्वातंत्र्याला मान्यता देणारा कागद. लेनिनची सही, आणि खाली स्टालिनची.

सेनापती मॅनरहाइम सरकारला सांगत होते की सैन्याकडं दारूगोळा नाही, काहीतरी देऊन टाका, आणि त्यांचं ऐकायला हवं होतं असं म्हणणारे आजही आहेत. मला पटत नाही. एस्टोनियाने तळ दिले, जून १९४० मध्ये अख्खा देश गेला.

९ नोव्हेंबरला शेवटची बैठक, १३ ला मंडळी परत निघाली. हेलसिंकी सोडून गेलेले लोक घरी आले, शाळा उघडल्या.

(ऑलिम्पिक स्टेडियम, पांढरा टॉवर)

१९४० च्या ऑलिम्पिकसाठी हे स्टेडियम तयार होतं. ती स्पर्धा अखेर १९५२ ला झाली, उद्घाटन केलं राष्ट्राध्यक्ष पासिकिवींनी, आणि आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीतलं कांस्य याच शहरात मिळवलं.

२६ नोव्हेंबरला सीमेलगतच्या सोव्हिएत बाजूच्या माइनिला गावात तोफगोळे पडले, मॉस्कोने खापर फिनलंडवर फोडलं, अनाक्रमणाचा करार रद्द केला, आणि ३० तारखेला सकाळी हेलसिंकीवर बॉम्ब पडले. साडेतीन महिने लढून मार्च १९४० ला तह झाला, मागितली होती त्याहून कितीतरी जास्त जमीन गेली, चार लाखांवर माणसं घरं सोडून आली, हांकोही द्यावंच लागलं, ३० वर्षांच्या भाड्यानं.

(हिएतानिएमी दफनभूमी, सैनिकांच्या रांगा. इथून शेवटपर्यंत निवेदन नाही.)