डोक्यापासून तळपायापर्यंत

[दृश्य : बीड जिल्ह्यातलं एक सरकारी रुग्णालय. ओपीडीबाहेर रांग.]

"काय व्हायलंय, मावशी?"

"अंगात तरानच नाही बघा मॅडम. दोन पावलं चाललं की दम लागायलाय."

केसपेपरवर 'अशक्तपणा' लिहायचं, लाल गोळ्या द्यायच्या, की झालं. गर्दीच्या ओपीडीत एवढंच होतं, आणि त्यात एकट्या डॉक्टरचा दोष नसतो. आज मात्र इंटर्न डॉक्टर मावशींना नीट, डोक्यापासून तळपायापर्यंत तपासणार आहे.

खरं तर तपासणी मावशी दारातून आत आल्या तेव्हाच सुरू झाली. चाल कशी आहे, बोलताना धाप लागते का, पदर सावरणारा हात थरथरतो का.

[दृश्य : खिडकीजवळचं स्टूल. डोळ्यांचा क्लोजअप.]

डोळे दिवसाच्या उजेडातच बघायचे. पिवळ्या बल्बखाली हलकी कावीळ हमखास निसटते. खालची पापणी ओढली. आतून लालसर दिसायला हवी ती पांढुरकी आहे. नखं मधे खोलगट, जीभ गुळगुळीत. लोह कमी पडल्याच्या या जुन्या खुणा. पापणी आणखीही बरंच सांगते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ येते म्हणून उठला आणि त्याच्या पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, तर अंगावर दंशाची खूण सापडो न सापडो, मण्यारीची शंका घ्यायचीच.

मान बघायला डॉक्टर पाठीमागे उभी राहते. "घोट गिळा." थायरॉइडची गाठ असेल तर ती गिळताना वर सरकते. इथं काही नाही.

[दृश्य : पडदा ओढला जातो. सिस्टर शेजारी.]

1816 साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांना एका तरुणीच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला. त्यांनी कागदाची सुरळी करून ठोके ऐकले, त्यातूनच पुढे स्टेथोस्कोप आला. संकोच इथंही आहेच. म्हणून पडदा हवा, सिस्टर हवी आणि एका वेळी एकच भाग उघडा करायचा. ब्लाउजवरून ऐकलं तर कापडाची खसखस तेवढी कानावर येते.

पोटाचा क्रम वेगळा : आधी बघायचं, मग ऐकायचं, हात त्यानंतर. दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलू शकतात. गुडघे दुमडून झोपवायचं, तळहात चोळून गरम करायचे, दुखऱ्या जागेला शेवटी हात लावायचा. आणि नजर पोटावर नाही, चेहऱ्यावर.

बेंबीखाली आडवा व्रण दिसतो.

"हे कशाचं, मावशी?"

"पिशवी काढली की. ऊसतोडीला जायच्या आधी."

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या 2019 मधल्या सरकारी पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली होती. मावशी आपणहून हे बोलल्याच नसत्या. आणि या एका उत्तराने हिशेबच बदलतो. पाळी येत नाही, म्हणजे रक्त तिकडून जात नाही. मग कुठून जातंय? पोटातल्या अल्सरमधून? मूळव्याधीतून? की जंत?

[दृश्य : पाय.]

पाय बहुतेकदा राहूनच जातात. चपला काढायला कुणी सांगत नाही. घोट्यावर अंगठा दाबून धरला, सोडला, खड्डा तसाच राहिला : सूज आहे. बोटांच्या बेचक्या, टाचांच्या भेगा.

"रानात चप्पल घालता?"

"चिखलात कुठली चप्पल, मॅडम!"

हुकवर्म हा जंत अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात राहून रक्त पितो. हिमोग्लोबिनसाठी रक्त आत्ताच घेतलं जातं. शौचाच्या तपासणीसाठी मावशींच्या हातात प्लास्टिकची डबी येते.

"उद्या आणली तर चालंल का?"

"चालेल. पण सकाळची ताजी आणा."