एक चादर टिकते तेवढ्यात

(पडदा काळा. फक्त मागांचा आवाज.)

सोलापूरच्या पूर्व भागात जन्मलेल्या माणसाला हा आवाज ऐकू येत नाही. कान शाबूत असतात, पण खटक-खटक, खटक-खटक इतकं अंगात मुरलेलं असतं की ऐकायचं म्हटलं तर मुद्दाम थांबावं लागतं. उलट लाईट गेली, माग थांबले, की पाळण्यातलं पोर दचकून उठतं आणि भोकाड पसरतं. मीही तसाच उठायचो, असं आई सांगते.

(अशोक चौक. सकाळ. चहाची गाडी.)

एक प्रश्न घेऊन आम्ही चार दिवस शहरात फिरलो. जग फार वेगानं चाललंय असं तुम्हाला वाटतं का? हे मोबाईल, हे एआय, रोज काहीतरी नवीन.

पहिलं उत्तर चहावाल्याचं. "वेगानं? कशाचं काम, रस्त्याचं का?"

गाडीवरचे सगळे हसले. आम्हीही हसलो, आणि प्रश्न जरा बदलून घेतला.

(घरातली चादर. कडा विरलेली, मधला मोर अजून ठसठशीत.)

सोलापुरात काळ मोजायचं एक माप घरोघरी असतं. ही आमच्या घरातली चादर. मी दहावीत होतो तेव्हा घेतलेली. त्या वेळी घरात फोन भिंतीवर होता आणि कोपऱ्यावर एसटीडी बूथ. बूथ गेले, सायबर कॅफे आले, तेही गेले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि पोरं गच्चीवरच दिसायला लागली. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. चादर तीच. एवढ्या सगळ्यात तिची फक्त कड विरली.

(शेड. छताजवळ पुठ्ठ्यांची माळ एकेक करून सरकते आहे.)

मागाच्या डोक्यावर हे जे पुठ्ठे फिरतात, ते नीट बघा. भोकं पाडलेले पुठ्ठे, दोऱ्यानं एकमेकांना ओवलेले. याला म्हणतात जेकार्ड. पुठ्ठ्यात भोक असेल तिथं सुई आत शिरते, तिचा हुक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसेल तर सुई मागं ढकलली जाते, धागा खालीच राहतो. मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. एक पुठ्ठा, एक आडवा धागा. पुढचा पुठ्ठा, पुढचा धागा. असं करत करत मोर तयार होतो.

भोक आहे किंवा नाही. हो किंवा नाही. कॉम्प्युटर याच्या पलीकडं काही करत नाही.

ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. जोसेफ मारी जकार नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिआँ गावात हे यंत्र बसवलं; जेकार्ड हे त्याचंच नाव. पुढं इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं गणितं करणाऱ्या यंत्राचा आराखडा काढला, तेव्हा त्याला हुकूम द्यायची पद्धत त्यानं या मागावरून उचलली. त्याच्याकडं जकारचं रेशमात विणलेलं एक चित्र होतं, सुमारे २४ हजार पुठ्ठे लावून विणलेलं. आणि १८४३ साली एडा लव्हलेसनं त्या यंत्राबद्दल लिहिलं की जेकार्डचा माग जशी फुलंपानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं.

म्हणजे आमच्या पूर्व भागात ज्याच्या बापानं पुठ्ठे ओवले, त्याला एआय हा काही परका पाहुणा नाही. लांबचा पण नात्यातला आहे. (सोलापूरचे विणकर पुढाऱ्यांचे चेहरे हातमागावर विणून वॉल हँगिंग करतात. जकारचं चित्र बघून ते म्हणतील, चांगलंय, पण कॉलर जरा वाकडी आहे.)

(जिन्याखालची छोटी खोली. कॉम्प्युटर. भिंतीवर पिवळे पडलेले ग्राफचे कागद.)

हे अण्णा. चादरींची डिझाईनं करतात. कॅमेऱ्यात चेहरा नको म्हणाले, म्हणून आम्ही हात दाखवतोय.

आम्ही फोन काढला. एका एआयला सांगितलं, सोलापुरी चादरीसाठी मोराचं डिझाईन कर. दहा-पंधरा सेकंदांत मोर हजर. पिसारा असा की बघत राहावं.

अण्णांनी फोन लांब धरला, जवळ धरला. मग विचारलं, "यात रंग किती हायत, मोज."

मोजता येईनात.

"चादरीत आडवे रंग दोन. फार तर तीन. आणि हा पिसाऱ्याचा धागा बघ, मागल्या अंगानं केवढा लांब सुटलाय. एकदा धुतली की पायाचं बोट अडकणार, फर्रकन ओढला जाणार. आणि उजवीकडं संपतंय ते डावीकडं जुळतंय का? नाही जुळत. चित्र झ्याक आहे. माग चालणार नाही याच्यावर."

आम्हाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, आम्ही हेच ऐकायला गेलो होतो: यंत्र हरलं, माणूस जिंकला, टाळ्या. पण अण्णांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "आज नाही जमलं त्याला. पुढच्या दिवाळीला जमेल."

मग त्यांनी भिंतीवरचा एक ग्राफ उतरवला.

(ग्राफ अगदी जवळून. बारीक चौकोन, लाल शाईनं भरलेले.)

एक चौकोन म्हणजे एक धागा वर. असे हजारो चौकोन हातानं भरायचे. एका मोठ्या चादरीला महिना सहज जायचा. मग त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. एक चौकोन चुकला तर प्रत्येक चादरीत, त्याच जागी, तीच चूक. अण्णा हे काम गल्लीतल्याच एका गुरुजींकडं शिकले. शाळेतले नव्हेत, ग्राफ भरणारे, म्हणून गुरुजी.

"नंतर मी कॉम्प्युटर घेतला. कर्ज काढून. महिन्याचं काम आठवड्यावर आलं. या गल्लीत ग्राफ भरणारे पाच जण होते. दोन वर्षांत एक राहिला नाही." जरा वेळ ते काही बोलले नाहीत. "गुरुजी येऊन बसायचे इथं, त्या स्टुलावर. स्क्रीन बघायचे. एकदा म्हणाले, चौकोन तेच हायत की."

वेग वाईट असतो का, हे आम्ही त्यानंतर अण्णांना विचारलं नाही. त्या वेळी वेग कोणी आणला होता, ते त्यांनीच सांगितलं होतं.

(रॅपिअर नावाच्या नव्या मागांची शेड. आवाज वेगळा, तुटक नाही, सलग.)

साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे आडवे धागे टाकतो. रॅपिअर त्याच्या दुपटीनं सहज. त्याला धोटा लागत नाही, आणि वर इलेक्ट्रॉनिक जेकार्ड असेल तर पुठ्ठेही लागत नाहीत. या मागांवरचा कामगार आमच्याशी चालता चालताच बोलला. थांबला तर मागं कुठंतरी धागा तुटलेला असणार.

"आधी दोन माग बघत होतो. आता सहा. पाय दोनच हायत की ओ."

पगार? "वाढलाय. तिप्पट नाही."

एआयवर शेकडो लेख वाचून आम्हाला जे नीट मांडता येत नव्हतं, ते यानं सहा माग सांभाळत सांगून टाकलं. माग किती जोरात पळवायचा हे मालक ठरवतो, मालकाचं बाजार ठरवतो. धावायचं मात्र याला.

(जुने छायाचित्र: गिरणी, धुराडं.)

सोलापूरला हे नवं नाही. १८७७ ला इथं पहिली कापडगिरणी सुरू झाली, आजही लोक तिला जुनी मिल म्हणतात. गिरणीच्या भोंग्यावर गाव उठायचं, जेवायचं, झोपायचं. पुढं एकेक करून भोंगे बंद पडले. पण ते बंद व्हायला एक अख्खी पिढी लागली. बाप गिरणीत, मुलगा यंत्रमागावर, नातू पुण्यात. घराला कूस बदलायला वेळ मिळाला. तोही पुरला नाही अनेकांना, हे खरंच.

(एक चाळ. उंबऱ्यात बसलेल्या अक्का. मांडीवर सूप.)

अक्का विड्या वळतात. आठव्या वर्षी आईशेजारी बसल्या, त्या अजून उठलेल्या नाहीत. भिजवलेलं पान, कात्री, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा. मजुरी हजार विड्यांमागं. बोलताना नजर आमच्याकडं, बोटं आपली सुपात.

त्यांची तक्रार एकच. अंगठा. सरकारी कामाला कुठंही गेलं की यंत्रावर अंगठा ठेवायचा, आणि यंत्र म्हणतं जुळत नाही.

"पानानं रेघा खाल्ल्या." त्यांनी तळहात पुढं केला.

(अंगठा, अगदी जवळून. गुळगुळीत.)

एका मदतीसाठी त्या तीन वेळा हेलपाटे घालून आल्या. कुठं, ते आम्ही सांगत नाही. असे अंगठे फक्त एकाच खिडकीवर अडत नाहीत. शेवटी डोळ्याच्या यंत्रावर काम झालं.

त्याच अक्कांच्या नातवानं फोनमध्ये एआय टाकून दिलाय. त्या त्याच्याशी तेलुगूत, म्हणजे घरच्या भाषेत, बोलतात. गुडघेदुखीला काय करावं, अमुक अर्जाची तारीख काय. चुकीचंही सांगतं, त्या म्हणाल्या, पण ओरडत नाही. "खिडकीवरचा माणूस ओरडतो."

मग त्यांनी आम्हालाच प्रश्न टाकला. "विडी वळायचं मशीन निघालंय म्हणतात. येणार का ओ इकडं?"

मशीन निघून जमाना झाला. पण या देशात बरीच वर्षं हातानं वळलेल्या विडीवर यंत्रावरच्या विडीपेक्षा उत्पादन शुल्क कमी ठेवलं गेलं. त्यामुळं मशीन परवडेना आणि अक्कांच्या मांडीवर सूप राहिलं. विडी चांगली की वाईट हा निराळा वाद, आणि त्यात अक्काही विडीची बाजू घेत नाहीत. आम्हाला एवढंच दिसलं की मशीन थांबलं होतं ते कुणीतरी थांबवलं म्हणून. हातमागाचंही तसंच. १९८५ च्या कायद्यानं ठरावीक प्रकारची साडी, धोतर, लुंगी, टॉवेल असे २२ प्रकार हातमागासाठी राखून ठेवले होते. पुढं त्या यादीत ११ उरले. ते तरी यंत्रमागानं पाळले का, हे पूर्व भागात कुणालाही विचारा, गालात हसेल. पण वेगाला कायद्यानं दोर लावायचा प्रयत्न या देशात झालेला आहे.

एआयला असा दोर लावा म्हणणारेही आहेत. मार्च २०२३ मध्ये अनेक शास्त्रज्ञ आणि उद्योजकांनी जाहीर पत्र काढलं, सगळ्यात ताकदवान एआय प्रणाल्यांना शिकवणं सहा महिने थांबवा. कुणी थांबलं नाही. सोलापुरात संप असल्याशिवाय माग सहा तास थांबत नाही, तिथं सहा महिन्यांची काय कथा.

(सोलापूर स्टेशन. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस.)

पुण्याला जाणारी पोरं. पाठीवर बॅग, बॅगेत भाकरी आणि शेंगा चटणी. कॉम्प्युटर शाखेच्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी भेटली, मुलाखतीला निघालेली.

"पहिल्या वर्षी सर म्हणाले, कोडिंग शीक, नोकरी पक्की. आता तेच सर म्हणतात, कोडिंग एआय करतंय, तू दुसरं काहीतरी शीक. दुसरं म्हणजे काय, ते सांगत नाहीत." ती रागावली नव्हती, हे विशेष. "भीती नाही वाटत, सर. घाई वाटते. कुठं पोचायचं हे कळलं असतं तर धावले असते."

शेजारचा पोरगा म्हणाला, "एवढं टेन्शन कशाला घेऊ लालीस बे? तेच वापरून प्रोजेक्ट केला की आपण." दोघंही खरं बोलत होते. गाडी हलली.

(मोहोळकडचा रस्ता. डाळिंबाची बाग.)

शेतकरी काका उत्सुक निघाले, सगळ्यांत जास्त. बारामतीला उसात एआय वापरतात, पाणी किती, खत कधी ते सांगतं, हे त्यांनी व्हिडिओत पाहिलंय. त्यांचं म्हणणं साधं: "माझ्या डाळिंबावर तेल्या रोग यायच्या आधी सांगणारा कुणीही येऊ दे. माणूस येऊ दे, मशीन येऊ दे. उशिरा येऊ नये फक्त." या एका माणसाला जग हळू वाटत होतं.

याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणले आणि २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं. तेव्हा सोलापूर मागं असतं वगैरे कुणी म्हणू नये.

(पुन्हा जिन्याखालची खोली. रात्र.)

चौथ्या दिवशी अण्णांचा फोन आला, या म्हणून. त्यांनी तो एआयचा मोर घेतला होता. रंग तीनवर आणले होते, सुटे धागे मधेमधे बांधून टाकले होते, डावं-उजवं जुळवलं होतं. दोन रात्री बसले होते. का, विचारलं तर म्हणाले, "चांगला होता बे मोर. वाया कशाला घालवायचा."

नमुना तयार होता. आम्ही तो खाली अंथरला. सगळे वाकून बघायला लागलो. अण्णांनी बोट ठेवलं.

(चादरीवरचा मोर, जवळून. अण्णांचं बोट.)

मोराचा डोळा एक घर डावीकडं सरकला होता.

"त्याचं चुकलं का?" आम्ही विचारलं.

अण्णांनी चष्मा लावला, स्क्रीनवर मूळ चित्र उघडलं, चौकोन मोजायला लागले. ओठ हलत होते, आकडे तेलुगूत. खाली शेडमध्ये पाळी बदलत होती. मोजून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"माझंच," ते म्हणाले, आणि स्टूल पुढं ओढून पुन्हा बसले.

(मागांचा आवाज. पडदा काळा.)