जो ड्रायव्हर लिहिलाच गेला नाही

(संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यांसमोर सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा गणपती पेठेपासून हरभट रोडपर्यंत किती दुकानांतले संगणक बुडाले हे आपल्याला कोणी सांगण्याची गरज नाही. पाणी ओसरल्यावर गाळाने भरलेली कॅबिनेट आपणच उघडत होतो. त्या गर्दीत माझ्याकडे एक छापखानदार आले. त्यांचा संगणक गेला होता, पण दुकान सोडताना त्यांनी एक शहाणपणा केला होता. मराठी अक्षरजुळणीच्या जुन्या पॅकेजचे लॉक, म्हणजे प्रिंटर पोर्टला मागून लावायचे आणि ज्याच्याशिवाय पॅकेज उघडत नाही ते काडेपेटीएवढे डोंगल, त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात घातले होते. पॅकेजची सीडी आणि कामाचा बॅकअप घरी होता. नवा संगणक विकत घेऊन ते सरळ माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘‘यावर आमचे पॅकेज चालते ती जुनी विंडोज एक्सपी टाकून द्या, म्हणजे उद्यापासून पत्रिका छापायला घेतो.’’

मी हो म्हणालो आणि पुढचे चार दिवस ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला हार्डवेअर चालवायला शिकवणारे छोटे प्रोग्राम, शोधत बसलो. संगणकाच्या मॉडेलचे नाव टाकून शोधले, मदरबोर्डचे नाव टाकून शोधले, ड्रायव्हरचे मोठमोठे गठ्ठे उतरवून घेतले. पाचव्या दिवशी कागद घेऊन साध्या तारखा मांडल्या आणि लक्षात आले, की मी जे शोधत होतो ते कोणी कधी लिहिलेलेच नव्हते. चूक संगणकाची नव्हती, ज्यांनी तो विकला त्यांचीही नव्हती. विचार न करता हो म्हणणाऱ्या माझी होती. आज मला जे सांगायचे आहे ते त्या कागदावरचेच आहे.

ड्रायव्हर हा एका जोडीसाठी लिहिला जातो. जोडीत एका बाजूला विशिष्ट चिप असते आणि दुसऱ्या बाजूला विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टिम. चिप बनवणारी कंपनी तो लिहिण्याचा आणि तपासण्याचा खर्च तेव्हाच करते, जेव्हा चिप बाजारात येते त्या वेळी ती विंडोज वापरणारे गिऱ्हाईक बाजारात असते. म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी पहिला प्रश्न असा विचारावा, की या दोघांची एकमेकांशी गाठ पडली होती का. विंडोज एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सुधार, संपला. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये आली आणि १४ जानेवारी २०२० रोजी संपली. या तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात. प्रत्यक्षात कंपन्या शेवटच्या तारखेच्या बऱ्याच आधी हात आखडता घेतात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये असलेल्या ग्राफिक्सचे उदाहरण घ्या: एक्सपीसाठीचा ड्रायव्हर तिसऱ्या पिढीपर्यंत, म्हणजे २०१२ च्या प्रोसेसरपर्यंत मिळतो, विंडोज ७ साठीचा सहाव्या पिढीपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत. गिऱ्हाइकाने संगणक समोर ठेवला की मी आता प्रोसेसरचा क्रमांक वाचतो, आणि निम्म्या वेळा पुढचे बोलणे तिथेच संपते.

आता ही गाडी नेमकी कोणत्या टप्प्यावर अडते ते पाहू, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर वेगळे आहे.

पहिली अडचण डिस्कची. एक्सपीच्या सीडीमध्ये साटा जोडणीच्या डिस्कशी बोलण्याच्या एएचसीआय या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर नाही. त्यामुळे सेटअपला डिस्क दिसतच नाही किंवा निळा पडदा येतो आणि त्यावर शेवटी ७बी असलेला कोड दिसतो. आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, की सेटअप सुरू होताच पडद्याच्या तळाशी काही क्षण एफ६ दाबण्याची सूचना यायची. ती दाबली की ड्रायव्हर फ्लॉपीवरून मागितला जायचा, पेनड्राइव्हवरून नव्हे. फ्लॉपी गेल्या, तेव्हा आपण एनलाइट नावाचा प्रोग्राम वापरून ड्रायव्हर सीडीतच मिसळू लागलो किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये, जाऊन डिस्कची पद्धत एएचसीआयऐवजी जुनी आयडीई करू लागलो. हा दुसरा उपाय इतका सोपा होता, की त्याची आपल्याला सवय लागली, आणि त्या सवयीनेच माझा पहिला दिवस खाल्ला. २०१५ मध्ये इंटेलने शंभर मालिकेचे चिपसेट, म्हणजे बोर्डावरच्या डिस्क आणि पोर्ट सांभाळणाऱ्या चिप, आणले आणि त्यात आयडीई पद्धत ठेवलीच नाही. बायोसमध्ये तो पर्याय शोधत मी पाने चाळत होतो. तो लपवलेला नव्हता, चिपमध्येच नव्हता.

त्याच मालिकेने दुसरे दारही बंद केले. त्याआधीच्या चिपसेटमध्ये यूएसबी २ साठी वेगळा नियंत्रक असे; शंभर मालिकेत तो काढून सगळे पोर्ट यूएसबी ३ च्या नियंत्रकाकडे दिले गेले, आणि विंडोज ७ च्या डीव्हीडीमध्ये त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर नाही. याचा परिणाम पाहण्यासारखा असतो. बायोसमध्ये कीबोर्ड उत्तम चालतो, डीव्हीडीवरून बूट करण्यासाठी कळ दाबली तर तीही लागते, भाषा निवडण्याची खिडकी उघडते, आणि तिथे माऊसचा बाण पडद्याच्या मधोमध खिळल्यासारखा उभा राहतो. बायोसने तोवर कीबोर्ड स्वतः सांभाळलेला असतो. विंडोजने ताबा घेतला की ती सोय संपते. पुष्कळ जण इथे कीबोर्ड बदलून पाहतात, पोर्ट बदलून पाहतात, मीही पाहिले आहे. बोर्डावर जांभळे गोल पीएस/२ पोर्ट असेल तर जुना कीबोर्ड लावून काम पुढे नेता येते. नसेल तर यूएसबी ३ चा ड्रायव्हर आधीच सेटअपच्या फायलींत मिसळावा लागतो. त्यासाठी इंटेलने आणि काही बोर्ड कंपन्यांनी छोटी साधनेही दिली होती. एनव्हीएमई जातीची नवी वेगवान डिस्क असेल तर विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा केबी २९९०९४१ हा वेगळा सुधार त्याच पद्धतीने मिसळावा लागतो. एक्सपीसाठी असा अधिकृत मार्ग नाही.

विंडोज एकदा बसली, की उरलेल्या गोष्टींचा शोध पद्धतशीर करता येतो. इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो: संगणकाच्या नावाने शोधू नका. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये तीन वेगवेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डे निघालेली मी पाहिली आहेत. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली हार्डवेअरची यादी, उघडा, ड्रायव्हर नसल्याच्या पिवळ्या खुणेच्या ओळीवर उजवे क्लिक करा, गुणधर्मांत तपशिलाच्या पानावर जा आणि हार्डवेअर आयडी निवडा. तिथे ‘व्हेन’ या अक्षरांपुढे चार अंक-अक्षरांचा क्रमांक असतो तो चिप बनवणाऱ्याचा, आणि ‘डेव्ह’पुढचा असतो तो चिपचा. व्हेन १०ईसी असेल तर रिअलटेक, १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा क्रमांक घेतला आहे, जो त्यांच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचा आहे. या रूक्ष जगात एवढी हौस कोणी तरी केली याचे मला बरे वाटते. समजा व्हेन १०ईसी आणि डेव्ह ८१६८ असे आले, तर ते रिअलटेकचे गिगाबिट नेटवर्क कार्ड आहे, मग बोर्डावर नाव कोणाचेही असो. शोध या दोन क्रमांकांचा करायचा, आणि तोही आधी चिप बनवणाऱ्या कंपनीकडे, नंतर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये, जिथे हा क्रमांक जसाच्या तसा टाकता येतो. तिथे नसेल, तर त्याच काळात तीच चिप वापरणाऱ्या दुसऱ्या संगणक कंपनीच्या सपोर्ट पानावर पाहावे. ‘एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर’ देणाऱ्या प्रोग्रामांपासून मात्र दूर राहावे. त्यांच्याबरोबर काय काय येते ते काढण्याचेही पैसे आपण गिऱ्हाइकाकडून घेतलेले आहेत.

ड्रायव्हर हाती आला तरी तो चालेलच असे नाही, पण ते तपासण्यासाठी तो बसवून पाहावा लागत नाही. प्रत्येक ड्रायव्हरसोबत आयएनएफ प्रकारची एक फाइल असते आणि ती नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात उत्पादकाच्या नावापुढे ५.१ असे दिसले तर ती एक्सपीसाठी आहे, ६.१ दिसले तर विंडोज ७ साठी. त्याखालच्या यादीत आपला व्हेन आणि डेव्ह क्रमांक आहे का ते शोधावे. दोन मिनिटांचे हे काम आहे आणि त्याने तासन्‌तास वाचतात. काही जण यादीत आपला क्रमांक हाताने घालून ड्रायव्हर बसवतात. चिप खरोखर जुन्या चिपची सख्खी बहीण असेल तर बत्तीस बिटी एक्सपीवर हे चालून जाते. चौसष्ट बिटी विंडोज ७ वर फाइल बदलली की ती मूळ कंपनीचीच आहे याची खात्री देणारी डिजिटल सही मोडते आणि ड्रायव्हर नाकारला जातो. मी स्वतः हे फक्त नेटवर्क आणि आवाजाच्या बाबतीत करतो; डिस्कच्या ड्रायव्हरवर असा प्रयोग गिऱ्हाइकाच्या माहितीशी खेळ आहे.

सहीवरून एक सापळा सांगतो. विंडोज ७ साठीच लिहिलेला, क्रमांक जुळणारा, कंपनीच्याच ठिकाणाहून घेतलेला ड्रायव्हर बसतो आणि तरी पिवळी खूण जात नाही, कोड ५२ येतो. कारण असे, की नंतरच्या काळात सह्या एसएचए-२ पद्धतीने होऊ लागल्या, आणि जुन्या डीव्हीडीवरून टाकलेल्या विंडोज ७ ला ती सही वाचता येत नाही. मार्च २०१५ मधला केबी ३०३३९२९ हा सुधार आधी पेनड्राइव्हवरून बसवला की तोच ड्रायव्हर मुकाट्याने चालू लागतो. आवाज, कार्ड रीडर वगैरे बाबींवर मी वेळ घालवत नाही. नेटवर्क चालू झाले की त्या सावकाश करता येतात, आणि वजनकाट्यावरच्या संगणकाला आवाज हवाच कशाला!

मात्र ज्या वेळी तारखाच जुळत नाहीत, त्या वेळी शोधणे थांबवून प्रश्न बदलावा. गिऱ्हाइकाला एक्सपी नको असते. एक्सपीवर चालणारे त्याचे एक पॅकेज हवे असते. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात हिशेबाच्या पट्ट्या करण्याचे जुने पॅकेज होते. त्यांच्या नव्या संगणकावर मी विंडोज १० तशीच ठेवली, तीत व्हर्च्युअलबॉक्स हा संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करणारा प्रोग्राम टाकला आणि त्याच्या आत एक्सपी. हा आतला संगणक खोटा असतो, पण खोटे सोंग फार सोयीचे असते: त्यातले डिस्कचे नियंत्रक इंटेलच्या जुन्या पिक्स चिपसेटचे असतात, आणि नेटवर्क कार्ड इंटेल प्रो/१००० टी सर्व्हर जातीचे निवडले तर एक्सपी त्याला कोणताही ड्रायव्हर न मागता ओळखते. बाहेर काय हार्डवेअर आहे याचा आतल्या एक्सपीला पत्ता नसतो. तिचे नेटवर्क मी इंटरनेटपासून तोडून ठेवतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसची साथ आली तेव्हा आधार संपलेला असूनही मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी सुधार काढला होता. दर वेळी ते तसे करतील या भरवशावर गिऱ्हाइकाचे खाते ठेवू नये.

छापखानदारांच्या बाबतीत हा मार्गही बंद होता, आणि कारण ते लॉक. यूएसबीपासून प्रिंटर पोर्ट करून देणारी केबल मिळते, पण ती फक्त छपाईचा मजकूर पुढे ढकलते; जुने लॉक तपासणारा प्रोग्राम मात्र ३७८ या पत्त्यावरच्या पोर्टशी थेट बोलतो. नव्या स्लॉटमध्ये बसणारे प्रिंटर पोर्टचे कार्ड लावले तर त्याला पत्ता दुसराच मिळतो, आणि पॅकेज ‘लॉक सापडले नाही’ म्हणून बंद होते. कार्डावर पैसे घालवून मी हे शिकलो.

शेवटी मी त्यांना नवा संगणक परत करा असे सांगितले नाही. त्यावर विंडोज १० ठेवली, युनिकोड मराठी आणि ईमेल सुरू करून दिला, आणि पॅकेजसाठी दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरचा एक जुना बोर्ड जुन्या बाजारातून आणला. त्याच्या मागे प्रिंटर पोर्ट नव्हते. बोर्डावर पिनांची एक दुहेरी ओळ मात्र होती, जी पुष्कळ जण पाहतही नाहीत. तिला लावायची पट्टीची केबल घेतली. बायोसमध्ये पत्ता ३७८ केला, डिस्क आयडीईवर ठेवली, एक्सपी टाकली, आणि चिपसेट, ग्राफिक्स, नेटवर्क या तिन्हींचे ड्रायव्हर कंपनीच्याच पानावर अर्ध्या तासात मिळाले, कारण ते लिहिले गेले होते. लॉक लावले, पॅकेज उघडले, आणि पुरापूर्वी अर्धवट राहिलेली एक लग्नपत्रिका पडद्यावर आली.

तो संगणक आता दुकानाच्या माळ्यावर आहे आणि त्याला नेटची वायर लावलेली नाही. त्याच जातीचा आणखी एक बोर्ड आणि तसलीच पट्टीची केबल मी त्यांना विकत घेऊन ठेवायला लावली आहे. लॉक अजूनही रोज संध्याकाळी त्यांच्या खिशातून घरी जाते.