काल्पनिक योद्ध्यांमध्ये मोठा कोण?

नमस्कार श्रोतेहो. कल्पनारम्य कथांचे चार वाचक एकत्र आले की एक वाद हमखास रंगतो. कॉनन आणि एल्रिक समोरासमोर आले तर कोण जिंकेल? ड्रसची कुऱ्हाड भारी की एल्रिकची तलवार? माझं मत मी सुरुवातीलाच सांगून टाकते. कोण कोणाला हरवेल यावरून योद्धा मोठा ठरत नाही. लढण्यासाठी तो काय किंमत मोजतो, यावरून ठरतो. पुन्हा सांगते, त्याने मोजलेली किंमत बघायची.

कॉनन घ्या. टेक्ससच्या रॉबर्ट ई. हॉवर्ड यांनी तो घडवला आणि त्याची पहिली कथा डिसेंबर 1932 मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ या मासिकात आली. चोर, समुद्रावरचा लुटारू, भाडोत्री शिपाई आणि शेवटी राजा, असा त्याचा प्रवास. चित्रांमध्ये तो कायम उघड्या, पिळदार दंडांनी उभा असतो. पण त्या पहिल्या कथेत तो प्रथम भेटतो तेव्हा मेजाशी बसून नकाशा काढत असतो! दरबारी नकाशांत उत्तरेकडचे देश नीट दाखवलेले नाहीत, म्हणून आपल्या मायभूमीकडचा भाग तो स्वतः भरतोय. तलवारीने मिळवलेलं राज्य सांभाळताना जीव कसा मेटाकुटीला येतो, हे हॉवर्डना पक्कं ठाऊक होतं. चित्रकारांनी दंड उचलले आणि हा राजा मागे राहिला.

नकाशाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. अशा पुस्तकांत नकाशा घडीचा असावा, उलगडून शेजारी ठेवता येईल असा. दोन पानांच्या मधल्या शिवणीत अख्खी राजधानी गडप होते आणि वेढा कोणत्या बाजूने पडलाय हेच वाचकाला कळत नाही. प्रकाशकांनी हे खरोखर मनावर घ्यायला हवं.

असो. एल्रिक आला 1961 मध्ये. मायकेल मूरकॉक यांनी जाणूनबुजून कॉननच्या दुसऱ्या टोकाचा नायक उभा केला. अंगात रक्त नसल्यासारखा पांढराफटक सम्राट, औषधांवर तगलेला. त्याची काळी तलवार स्टॉर्मब्रिंगर मारलेल्यांचे आत्मे पिते आणि त्यांचं बळ मालकाला देते. पण ती मालकाला जुमानत नाही. जिला सोडवायला एल्रिक जातो, त्या त्याच्या प्रेयसीचा, सिमोरिलचा जीव त्याच तलवारीने जातो. किंमत म्हणते ती ही. आणि 1934 मध्ये सी. एल. मूर यांनी आणलेली जॉयरीची जिरेल? तिच्या कथेच्या सुरुवातीला किल्ला पडलेला असतो. कैद केलेल्या किल्लेदाराचं शिरस्त्राण विजेता उतरवायला लावतो आणि आतून लाल केसांची, संतापाने पेटलेली बाई बाहेर येते. तिचा सूड पुरा होतो, पण त्या सुडाने आपण काय गमावलं हे तिला नंतर कळतं.

आता ज्याच्यासाठी मी बोलायला बसले, त्या ड्रसकडे येते. त्याची गोष्ट सांगायची तर आधी त्याच्या लेखकाची सांगावी लागते.

साल 1976. डेव्हिड गेमेल हे इंग्लंडमधले पत्रकार, अजून तिशीही गाठलेली नव्हती. डॉक्टरांनी त्यांना कॅन्सर असल्याचं सांगितलं. पक्कं निदान व्हायचं होतं, तोवर वाट बघायची. ही वाट बघणं काय असतं ते ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांना सांगायला नको. मन दुसरीकडे गुंतावं म्हणून गेमेल यांनी कादंबरी लिहायला घेतली.

गोष्ट एका किल्ल्याची. नाव ड्रॉस डेल्नॉक. खिंडीच्या तोंडावर एकामागे एक सहा तट. बाहेर नादिर टोळ्यांची पाच लाखांची फौज. आत दहा हजारही माणसं नाहीत, आणि त्यांतले कित्येक कालपरवापर्यंत नांगर धरणारे. किल्ला पडणार हे सगळ्यांना दिसतंय. गेमेल यांनी पुढे स्वतःच सांगितलं, की किल्ला म्हणजे ते स्वतः होते आणि वेढा घालणारी फौज म्हणजे आजार.

त्या तटांची नावं ऐका. पहिला उल्हासाचा. दुसरा निराशेचा. तिसरा पुन्हा पालवलेल्या आशेचा. चौथा हातघाईचा. पाचवा शांतीचा. आणि सहावा, शेवटचा, मृत्यूचा. हे मोठ्याने वाचून बघा. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसालाही हे सहा तट ओळखीचे वाटतील.

आणि हा किल्ला लढवायला कोण येतं? साठ वर्षांचा ड्रस. तरुणपणी त्याच्या नावाचे पोवाडे झालेले, पण आता गुडघा सुजतो, पाठ धरते. स्नागा ही त्याची कुऱ्हाड आहे तशीच आहे, तिला पेलणारे हात म्हातारे झालेत. तरणे शिपाई त्याच्याकडे बघून उभे राहतात, म्हणून तो आपलं दुखणं त्यांना दिसू देत नाही. तुम्ही त्या तटावर उभे आहात असं समजा. शेजारी पंचविशीतला अजिंक्य वीर असेल तर तो जिंकेल असं वाटतं. शेजारी ड्रस असेल तर आपल्यालाही टिकून राहता येईल असं वाटतं. म्हणून मी ड्रसला पहिला मानते. साठीचा आहे म्हणून, गुडघा दुखतो म्हणून.

आता खरी गंमत. गेमेल लिहीत सुटले, पण किल्ला पडणार की तगणार हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. रिपोर्ट वाईट आला तर किल्ला पडेल. चांगला आला तर तगेल. शेवट डॉक्टरांच्या हातात! आणि मग कळलं, निदान चुकलं होतं. कॅन्सर नव्हता. ते लिखाण बाजूला पडून राहिलं, नंतर त्यांनी ते पुन्हा हातात घेतलं, आणि 1984 मध्ये ‘लेजेंड’ या नावाने ते प्रसिद्ध झालं. किल्ल्याचं पुढे काय होतं ते मी सांगणार नाही, वाचा. एकच सांगते, शत्रूचा सरदार उल्रिक ड्रसला मान देतो, आणि तो मान खोटा वाटत नाही.

गेमेल 2006 मध्ये वारले, हातातली कादंबरी अर्धवट ठेवून. पत्नी स्टेला यांनी ती पुरी केली. गेमेल यांच्या नावाचा पुरस्कार 2009 पासून काही वर्षं दिला जात होता. मानचिन्ह म्हणून विजेत्याच्या हाती स्नागाची प्रतिकृती यायची.

एओविन राहिली, असं कुणीतरी म्हणेल. नाही राहिली. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली ही राजाची भाची पुरुषवेशात रणात उतरते. कुणाही पुरुषाच्या हातून मरणार नाही अशी ज्याची भविष्यवाणी, त्या नाझगुलांच्या, म्हणजे भुतासारख्या काळ्या स्वारांच्या, सरदारासमोर ती उभी राहते. ढालीचे तुकडे होतात, ढालीचा हात मोडतो, तरी दुसऱ्या हाताने ती घाव घालते. माझ्या लेखी ती ड्रसच्या शेजारी. मग एल्रिक, मग जिरेल, मग कॉनन. कॉननच्या चाहत्यांना हा क्रम पटणार नाही. त्यांनी जरूर कळवावं, पण कोण जिंकेल ते नको, त्याने काय गमावलं ते लिहावं. नमस्कार.