डोंगराच्या मातीचा हिशेब

नमस्कार, श्रोतेहो.

ठाण्याहून वाशीच्या लोकलमध्ये डावीकडची खिडकी मिळाली, तर पारसिकचा डोंगर बराच वेळ सोबत येतो. दगडखाणींनी जागोजागी लचके तोडलेला. पावसाळा लागला की अशा उतारांवर खड्डे खणले जातात, रोपं लागतात, फोटो निघतात. रोपं किती लावली हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. खाली मातीत काय साठलं, हे मात्र कोणी विचारत नाही. आज तेवढंच बोलायचंय.

जगभरच्या जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळांतून आलेला कार्बन, आहे. हवेत आहे त्याहून जास्त! थंड, उंच डोंगरांत पाला कुजायलाच उशीर लागतो, म्हणून तिथे कार्बन साठून राहतो. आपल्याकडे ऊन आणि ओल दोन्ही भरपूर. पाला भराभर कुजतो आणि उघड्या उतारावरची माती पहिल्याच जोराच्या सरींत नाल्याला लागते. तेव्हा डोंगर सावरायचा म्हणजे आधी माती जागेवर धरायची. ते काम गवत आणि कारवीची झुडपं मोठ्या झाडांच्या आधी करतात. त्यांचा फोटो कोणी काढत नाही, एवढंच.

आता नायट्रोजन. माती कार्बन एकट्याने सांभाळत नाही. चांगल्या मुरलेल्या मातीत दहा-बारा भाग कार्बनामागे एक भाग नायट्रोजन असतो. हवेत तो ७८ टक्के आहे, पण झाडाला हवेतून घेता येत नाही. खैर, पांगारा यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो बांधून देतात. गिरिपुष्पही, म्हणजे आपली उंदीरमारी, हेच करतं. म्हणून उजाड टेकड्यांवर ती भरमसाट लावली गेली. टेकडी लवकर हिरवी दिसते, हे खरं. पण एकाच जातीचं रान म्हणजे, माझ्या मते, अर्धंच काम. सोबत सावकाश कुजणारा सागा-ऐनाचा पाला हवा, वेगवेगळ्या खोलीची मुळं हवीत.

आणि हे सगळं वर्षा-दोन वर्षांत होत नाही. झाड डोक्यावर जातं, तरी माती मागेच असते. तिला दशकं लागतात.

मिळवलेलं घालवायला मात्र एक वणवा पुरतो. पाला जळतो, त्यातला बराचसा नायट्रोजन वायू होऊन उडतो, आणि उरलेली राख पहिल्या पावसात वाहून जाते. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजायचा तो खाचराच्या कोपऱ्यात, हे आपल्या शेतकऱ्याला कळतं. डोंगरच भाजून कोणतं पीक काढायचंय?

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात फिरायला गेलात तर पायवाटेच्या कडेचा पाला हलकेच बाजूला करा. वर अख्खी पानं, खाली नुसत्या शिरांची जाळी, त्याखाली काळी भुसभुशीत माती आणि तिच्यात बुरशीचे पांढरे धागे. मग दोन पावलं सरकून पायवाटेवरच बोट टेकवा. तिथे नुसता मुरूम लागेल.