बाराव्या टीपर्यंत लांबलेला निर्णय

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सांगली भागात जत्रेची कुस्ती पंचाच्या शब्दावर सुटते. पाठ टेकली की नाही, हे तिथल्या तिथं सांगावं लागतं. हलगी थांबलेली असते, दोन्हीकडची माणसं फडाच्या कडेला दाटलेली असतात. मी स्वतः फडावर पंच म्हणून उभा राहतो, म्हणून गोल्फमधला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

२०१६ ची यूएस ओपन, ओकमाँटचं मैदान, शेवटची फेरी. पाचव्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, अमेरिकेचा गोल्फपटू डस्टिन जॉन्सन पटर, म्हणजे चेंडू होलात ढकलायची काठी, चेंडूमागं नेत होता, तेवढ्यात चेंडू जरासा हलला. अगदी केसभर. त्यानं आपणहून सोबतच्या पंचाला बोलावलं. पंचानं विचारपूस केली, दंड नाही म्हणून सांगितलं. विषय मिटला.

पण बाराव्या टीवर, म्हणजे बारावा होल जिथून सुरू होतो तिथं, अमेरिकेच्या गोल्फ संघटनेचे अधिकारी आले. चित्रण पाहिलंय, फेरी संपल्यावर बोलू, कदाचित दंड लागेल, असं त्यांनी सांगितलं. पुढचे सात होल आपले फटके नक्की किती, हे त्याला ठाऊक नाही. त्याला गाठू पाहणाऱ्यांनाही ठाऊक नाही. शेवटी एक फटक्याचा दंड लागलाच. तरी बाकीच्यांपेक्षा तीन फटके कमी घेऊन तो जिंकला, ही त्याची छाती!

गोल्फमध्ये बहुतेक वेळा पंच जवळ नसतोच. स्वतःची चूक खेळाडूनं स्वतःच सांगायची. १९२५ साली बॉबी जोन्स या अमेरिकी गोल्फपटूनं अशीच चूक सांगून फटका अंगावर घेतला आणि ती यूएस ओपन प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, गमावली. इतक्या सचोटीनं खेळणाऱ्याला अधिकाऱ्यांनी टांगून ठेवावं, हे मला पटत नाही. खेळाडूला पंचाच्या संमतीशिवाय वर दाद मागता येत नाही. मग पंचाच्या शब्दालाही तेवढंच वजन हवं.

संघटनेनं दुसऱ्याच दिवशी खेद व्यक्त केला. १ जानेवारी २०१७ पासून ग्रीनवर चुकून चेंडू हलला तर दंड नाही, असा स्थानिक नियमही, म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्यांनी आपल्या स्पर्धेपुरता लावायचा नियम, आला. २०१९ मध्ये तो मूळ नियमांत गेला. हे मात्र मला मनापासून आवडलं.

एका जत्रेत मी एका पोराचा हात वर केला आणि कमिटीच्या सांगण्यावरून घटकाभरानं निकाल फिरवला. अंगावरची तांबडी माती तशीच ठेवून तो माझ्याकडं बघत राहिला. आता कुस्ती लावण्याआधीच मी कमिटीला सांगतो, शंका असेल तर हात वर व्हायच्या आत बोला.