खाली बघू नका, काळ्या चाचपा

नमस्कार मंडळी! हा आजीच्या कपाटातला पंचा. (हातांवर टाकते) पियानोच्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या. आता मला पेटीवाल्यांची पांढरी दोन हवीय, म्हणजे सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी. (वाजवते) सापडली!

पियानोवाले तिला डी म्हणतात. पियानोला 88 पट्ट्या, त्यातल्या 52 पांढऱ्या, आणि त्या सगळ्या बोटाला सारख्याच लागतात. ओळख पटते ती काळ्यांमुळे. दोघींची जोडी, मग तिघींचा गट, पुन्हा जोडी. काळी एक आणि काळी दोन यांच्या मधल्या खाचेत बोट सोडलं की डी. जोडीला डावीकडून खेटून सी, तिघींना डावीकडून खेटून एफ. म्हणजे पेटीवाल्यांच्या मोजणीत हा नकाशा आधीपासून आहेच की!

बोटं काळ्यांवरून हलकेच फिरवायची, आवाज न करता. (जवळून दाखवते) भरलेल्या लोकलमध्ये मान वर न करता हात कडी शोधतो ना, तसंच.

एवढा खटाटोप का? समोर नोटेशन असतं. एकदा खाली बघितलं की वर आल्यावर ओळच सापडत नाही, आणि ताल तिथेच सुटतो.

आता अंतर. अंगठा सीवर, करंगळी पुढच्या सीवर: साधारण साडेसोळा सेंटीमीटर, वीतभराहून कमी. हा ताण हाताला पाठ झाला पाहिजे. मग करंगळी होती तिथे अंगठा आणायचा, की हात अख्खं सप्तक सरकला. छोट्या पट्ट्यांच्या खेळण्यातल्या कीबोर्डवर मात्र हे करू नका, माप चुकीचं बसतं. आणि लांबच्या उडीला खुशाल बघा, पट्टीचे वादकही बघतात. फक्त नजर खाली न्या, मान नको.

गणपतीत मी असाच पंचा टाकून झोकात आरती वाजवत होते. डावा हात बरोबर, उजवा एक पट्टी सरकलेला. आतून आजी म्हणाली, "अगं, देवाला तरी ओळखू येऊ दे!" तेव्हापासून सुरुवातीचा सूर दोन्ही हातांनी चाचपल्याशिवाय मी वाजवतच नाही.

रोज पाच मिनिटं घरातल्या कुणालाही सूर पुकारायला सांगा. आमच्याकडे ते खातं आजीकडे. आजी, सांग गं एक!

(स्वयंपाकघरातून) "काळी चार!"

तिघींतली मधली. (चाचपते, वाजवते)

"आता तिच्या खालची!"


(हसते, वाजवते)